घरच्या बॅकअपसाठी डीव्हीडी रायटर

हार्डडिस्कवरचे फोटो एका चुकीच्या क्लिकने पुसले जातात. खंडणी मागणारा व्हायरस संगणकात शिरला, तर जोडलेल्या बॅकअपच्या हार्डडिस्कलाही तो कुलूप घालतो. डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आरवर एकदा लिहिले की ते बदलता येत नाही, आणि डिस्क कपाटात गेली की कुठल्याही व्हायरसचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. एवढ्या एका गुणासाठी घरात डीव्हीडी रायटर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

मात्र डिस्कची क्षमता बेताची आहे. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेले असते, विंडोज ती ४.३८ दाखवते. ६४ जीबीचा फोन काठोकाठ भरला असेल तर चौदा डिस्क लागतील. म्हणून सगळा फोन उतरवायच्या फंदात पडू नये. निवडक फोटो, खरेदीखत आणि फेरफाराच्या स्कॅन प्रती, आजीच्या आवाजातल्या ओव्या, असे पुन्हा मिळणार नाही तेच डिस्कवर जावे. ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क महाग पडते आणि ती लिहिताना चुकाही जास्त होतात. घरच्या कामाला एकेरी थराची बरी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क या कामासाठी घेऊच नये, कारण जे पुसता येते ते कधीतरी पुसले जाते.

१.२ मिमी जाडीची डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या. त्यांच्यामध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर या थराला जागोजागी तापवतो आणि तिथून प्रकाश कमी परततो. वाचताना हाच फरक टिपला जातो. लिहिण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या बाजूच्या राखीव पट्टीत कमीजास्त ताकदीने लेसर चालवून पाहतो आणि या डिस्कला किती ताकद लागेल ते ठरवतो. डिस्कवर कारखान्याचा सांकेतिक क्रमांकही कोरलेला असतो. तो वाचून, फर्मवेअरमध्ये त्या डिस्कसाठी जी लेखनपद्धत नोंदलेली असेल ती रायटर वापरतो. म्हणून अनोळखी डिस्कवर चांगला रायटरही अडखळतो.

त्यामुळे रायटरपेक्षा डिस्क निवडताना जास्त चोखंदळ असावे. डब्यावरचे नाव एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचा, असे या धंद्यात सर्रास चालते. इमेजबर्नसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्क घातली की तिचा क्रमांक दिसतो. उदाहरणार्थ, ‘एमसीसी ००४’ म्हणजे मित्सुबिशी केमिकलची १६ एक्स वेगाची डीव्हीडी+आर. टिकाऊ अॅझो रंगद्रव्यामुळे व्हर्बॅटिमच्या डिस्कना नाव मिळाले ते याच घराण्यातून. आता निवडीला फारसा वाव उरलेला नाही. जपानची ताइयो युदेन २०१५च्या अखेरीस या धंद्यातून बाहेर पडली, नोएडा परिसरात प्रचंड प्रमाणावर डिस्क बनवणारी मोझर बेअर २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि व्हर्बॅटिमचा व्यवसाय तैवानच्या सीएमसीकडे गेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पन्नासचा डबा स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच उचलू नका. आधी पाच-दहा डिस्क घ्या, लिहून तपासा, मग पुढची खरेदी करा. एम-डिस्कमध्ये रंगद्रव्याऐवजी असेंद्रिय थर असतो, तो अधिक टिकाऊ. ती लिहायला एम-डिस्कचे चिन्ह असलेला रायटर लागतो, वाचायला साधा ड्राइव्ह पुरतो.

डेस्कटॉप असेल तर आत बसणारा साटा रायटर घ्यावा. लॅपटॉपला यूएसबीचा पातळ रायटर चालतो, पण त्याला वीज यूएसबीतूनच मिळते, म्हणून तो हबला न लावता थेट लॅपटॉपला लावावा. पेटीवरच्या २४ एक्सला भुलू नये. १६ एक्सची डिस्क ८ एक्सने लिहावी, पूर्ण डिस्क दहा मिनिटांच्या आसपास होते. लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ चालवायलाच हवे. रायटरने ‘काम झाले’ म्हटले म्हणजे फाइल वाचता येतीलच असे नाही.

डबीतून डिस्क काढताना डबीचे मधले बटण दाबावे, कडा धरून वाकवू नये. वाकवल्याने दोन चकत्यांमधला जोड सुटतो. वर कागदी लेबल चिकटवू नये, नाव बिनस्पिरिटच्या पेनने मधल्या कड्यावर लिहावे. डिस्क डबीत उभी, उन्हापासून दूर ठेवावी. कोकणात पावसाळ्यात डबी बंद कपाटातच असावी. प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती करून एक दुसऱ्या घरी ठेवावी आणि वर्षाकाठी एकदा दोन्ही वाचून पाहाव्यात.

घरात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या किंवा मुंजीच्या डीव्हीडी असतील, तर रायटर आणल्यावर पहिले काम त्यांचे करा. त्यातल्या अनेक स्वस्त डिस्कवर लिहिलेल्या असतात आणि रंगद्रव्य दरवर्षी थोडे फिकटते. आज वाचता येताहेत तोवर त्या हार्डडिस्कवर उतरवा आणि चांगल्या डिस्कवर नव्याने लिहून ठेवा.