उंदराच्या मिशीला काही लागलं की मेंदूतल्या काही पेशी चक्क गप्प बसतात, असं का?

रात्री घरातले लाईट बंद झाले की स्वयंपाकघरात खुडबुड सुरू होते. अंधारात आपल्या पायाला स्टूल लागतं, पण उंदीर मात्र डब्यांच्या फटीतून कुठंही न धडकता पसार होतो. डोळ्यांच्या जोरावर नाही, कारण उंदराची नजर तशी कमजोरच असते. त्याचं काम चालतं मिशांवर.

फिरताना उंदीर या मिशा सेकंदाला ५ ते १५ वेळा पुढं-मागं हलवतो आणि समोरची वस्तू चाचपतो. वस्तू किती लांब आहे, गुळगुळीत आहे की खडबडीत, फटीत आपलं अंग मावेल का, हे सगळं त्याला मिशीवरून कळतं.

म्हणूनच 'स्पर्श कळतो' म्हणजे मेंदूत नक्की काय होतं हे शोधणारे शास्त्रज्ञ गेली ५० वर्षं उंदराच्या मिशांच्या मागे लागलेत.

मेंदूत मिशांचा नकाशा

सुरुवात झाली १९७० मध्ये. थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक व्हॅन डर लूस या दोघांनी उंदराच्या मेंदूचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली पाहिले. मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, त्यांना पेशींचे गोल पुंजके दिसले. त्यांची मांडणी थेट उंदराच्या गालावरच्या मिशांच्या ओळींसारखी होती. एका मिशीला एक पुंजका. हे पुंजके पिंपासारखे दिसतात म्हणून त्यांचं नाव पडलं 'बॅरल'.

मिशी कशालाही लागली की तिच्या मुळाशी असलेली नस संदेश पाठवते. तो मेंदूच्या देठातून थॅलॅमसमध्ये आणि तिथून त्या मिशीच्या बॅरलमध्ये पोचतो. या सगळ्या प्रवासाला लागतात साधारण १० मिलीसेकंद. आपली पापणी लवायला याच्या दहापट तरी वेळ जातो.

आता तुम्हाला वाटेल, संदेश पोचला, पेशी पेटल्या, विषय संपला. पण खरी गंमत इथून पुढं आहे.

सगळ्या पेशी एकसारख्या नाहीत

कॉर्टेक्समधल्या दर १० न्यूरॉनपैकी साधारण ८ ते ९ उत्तेजक असतात. म्हणजे ते पुढच्या पेशीला 'तू पण चालू हो' असं सांगतात. उरलेले १-२ न्यूरॉन दुसऱ्यांना शांत करतात. थोडक्यात, एक्सिलरेटर जास्त आणि ब्रेक कमी.

पण एक्सिलरेटरवालेही सगळे बोलत नाहीत. मिशीने खांबाची जागा ओळखायला शिकवलेल्या उंदरांवर २०१० मध्ये एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की बरेच न्यूरॉन जवळपास गप्पच असतात आणि मोजकेच न्यूरॉन बहुतेक माहिती पुढं नेतात.

ब्रेकवाल्यांमध्ये तीन मोठे गट आहेत. त्यांची नावं त्यांच्यात सापडणाऱ्या प्रथिनांवरून आणि पेप्टाइडवरून पडली आहेत.

पीव्ही: या सगळ्यात चपळ पेशी. थॅलॅमसकडून आलेला संदेश यांना जोरात पोचतो आणि त्या काही मिलीसेकंदांत शेजारच्या उत्तेजक पेशींना आवरतात. फायदा काय? उंदीर स्वतः मिशी हलवतो तेव्हाही मेंदूकडं संदेश जातातच. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की बॅरलमधल्या या चपळ पेशी तो गोंगाट गाळून टाकतात आणि वस्तूला झालेला खरा स्पर्श पुढं जाऊ देतात.

एसएसटी: शीर्षकातल्या गप्प बसणाऱ्या पेशी त्या याच. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं की उंदीर जागा पण शांत असतो तेव्हा कॉर्टेक्सच्या वरच्या थरातल्या या पेशी चालू असतात आणि बाकीच्यांवर ब्रेक दाबून ठेवतात. मिशी हलली किंवा तिला काही लागलं की त्यांचं काम मंदावतं. म्हणजे ब्रेक सुटतो.

व्हीआयपी: इथं व्हीआयपी म्हणजे मंत्रीसाहेब नव्हेत. आपल्याकडं व्हीआयपी आले की रस्ता बंद होतो, मेंदूत मात्र रस्ता मोकळा होतो! कारण व्हीआयपी पेशी ब्रेकवाल्या एसएसटी पेशींनाच गप्प करतात. २०१३ मध्ये असं दिसलं की मिशी हलवण्याशी संबंधित असलेला मेंदूचा भाग या व्हीआयपी पेशींना जागं करतो. 'मी आता चाचपायला निघालोय, तयार राहा', असा जणू निरोपच.

अर्थात हे चित्र वरच्या थरातलं. खोलच्या थरात एसएसटीचे वेगळे प्रकार आहेत, आणि मिशी हलताना त्यातले काही उलट जास्त चालू होतात.

न्यूरॉन नसलेल्या पेशीही यात असतात. ॲस्ट्रोसाइट नावाच्या चांदणीसारख्या पेशींमध्ये स्पर्शानंतर कॅल्शियम वाढतं, पण न्यूरॉनपेक्षा खूप सावकाश.

हे कळलं कसं?

शास्त्रज्ञ जनुकांत बदल करून फक्त एकाच प्रकारच्या पेशी चमकतील अशी सोय करतात. मग उंदीर जागा असताना खास मायक्रोस्कोपने त्यांची चमक पाहतात. काही प्रयोगांत प्रकाश टाकून नेमक्या तेवढ्याच पेशी चालू किंवा बंद करतात आणि काय बदललं ते बघतात.

याचा आपल्याशी काय संबंध?

ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना शर्टाचा टॅग, केस कापणं किंवा कुणी अचानक हात लावणं अजिबात सहन होत नाही. अशा त्रासामागं काय असावं, याचा माग उंदरांमध्ये लागतोय.

ऑटिझमशी जोडलेला 'फ्रॅजाइल एक्स' नावाचा एक जनुकीय आजार आहे. त्या जनुकात बिघाड असलेल्या उंदरांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. मिशांना पुन्हा पुन्हा स्पर्श केला तर साधा उंदीर सरावतो आणि त्याचे न्यूरॉनही हळूहळू कमी प्रतिसाद देतात. या उंदरांचे न्यूरॉन सरावले नाहीत आणि ते स्पर्श टाळायला पळू लागले.

दोष फक्त मेंदूतच असतो असंही नाही. २०१६ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ऑटिझमशी जोडलेले जनुकीय बदल असलेल्या उंदरांमध्ये त्वचेकडून संदेश आणणाऱ्या नसांमध्येच बिघाड असू शकतो.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे यातून उद्या लगेच औषध निघेल असं नाही. पण स्पर्श जास्त टोचण्यामागं शरीरातली खरीखुरी कारणं असू शकतात, हे या प्रयोगांतून दिसतं. त्यामुळे एखादं मूल नवा शर्ट घालायला नकार देत रडत असेल, तर 'नाटकं करतोय' म्हणण्याआधी तो टॅग कापून बघा.