कुऱ्हाड माझ्या हाताची

‘कुऱ्हाड हा काय बायकांच्या पुरवणीत लिहायचा विषय आहे का?’ असं आमच्या ह्यांनी विचारलंच. मिक्सर कसा घ्यावा, कुकर कुठला चांगला यावर लिहिलं तर चालतं. पण मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींच्या परसात झाडं आहेत, आठवा बरं. किती जणींकडे अजून अंघोळीच्या पाण्याला बंब पेटतो? हुरड्याला शेतावर गेलं की आगटीसाठी काटक्या कोण गोळा करतं? आणि तरीही घरातली कुऱ्हाड कुणाच्या मापाची असते?

गेल्या वर्षी मे महिन्यातली गोष्ट. ह्यांची नोकरी नाशिकला, घरी येणं शनिवार-रविवारी. घरात मी, सासूबाई आणि दोन मुलं. रात्री वळीव आला तो असा की, फाटकाजवळच्या सुबाभळीची मोठी फांदी कडाडून खाली आली आणि फाटकच अडलं. त्याच रात्री सासूबाईंचा दमा उसळला. रिक्षा फोन करून बोलावली, ती बाहेर उभी. आत आम्ही कोंडलेलो.

मोरीमागे सासऱ्यांच्या वेळची कुऱ्हाड होती. ती काढली. उचलतानाच मनगट लचकायची वेळ आली, इतकी जड! दोन घाव कसेबसे घातले. तिसऱ्या घावाला हात एकदम हलका झाला. पातं दांड्यातून निसटून उडालं होतं. तुळशीवृंदावनाचा टवका उडवून ते खाली पडलं. तिथून दोन हातांवर माझी मुलगी बॅटरी धरून उभी होती.

शेजारची मुलं धावली, सासूबाईंना खुर्चीत बसवून भिंतीवरून पलीकडे घेतलं. दवाखान्यात वाफ दिल्यावर त्यांना बरं वाटलं. पण मला मात्र पुढचे कितीतरी दिवस ते उडालेलं पातं दिसत होतं. चूक कुऱ्हाडीची नव्हती. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं, दांडा सैल होतो, पाचर कधीच पडून गेलेली. बघितलं कुणी होतं?

नवीन कुऱ्हाड घ्यायचीच, असं ठरवून हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, साहेबांना पाठवा ना, ते बघून घेतील.’ साहेब नाशिकला आणि फांदी माझ्या दारात! काही न बोलता परत फिरले.

बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडतात. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण मारते, हे दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलंय. मी तिच्याशीच बोलले. घाम पुसत ती म्हणाली, ‘ताई, कुराड डोळ्यानं न्हाई, हातानं घ्यायची. हात करा पुढं.’

तिनं एक कुऱ्हाड घेऊन तिचं पातं माझ्या तळव्यात ठेवलं आणि दांडा हाताच्या बाजूनं वर धरला. दांड्याचं टोक बरोबर माझ्या काखेशी आलं. ‘हे तुमचं माप.’ घरी येऊन मोजला, तर दांडा दोन फुटांचा भरला. पातं किलोभर वजनाचं. फुटाच्या दांड्याची, अर्धा किलोच्या आसपासची छोटी कुऱ्हाड ढलप्या काढायला बरी, पण मनगटाएवढ्या फांदीला ती पुरत नाही. तीन फुटी दांड्याची, दोन किलोची कुऱ्हाड झाड पाडणाऱ्या गड्यासाठी. दिवसभराची सवय नसली तर तीच आपल्याला दमवते, आणि दमलेल्या हातातच अपघात होतो. परसात, शेतावर, सहलीला, अशी सगळीकडे चालेल ती मधली. आठशे ग्रॅम ते किलो-सव्वा किलोचं पातं आणि दोन फुटांच्या आसपासचा दांडा. ठोकळ्यावर लाकूड फोडताना ती दोन्ही हातांनी धरता येते आणि बारीक डहाळ्या छाटताना दांड्याच्या मधोमध धरून एका हातानंही चालवता येते.

मग तिनं दांडा कसा पारखायचा ते दाखवलं. दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा असावा, चांगला वाळलेला. ओल्या लाकडाचा घेतला तर महिन्या-दोन महिन्यांत सैल होणारच. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीत सरळ जायला हव्यात, मध्ये गाठ नको. टोकाकडून पाहिलं तर त्या रेषा धारेच्या दिशेनं असाव्यात. धारेला आडव्या असल्या तर दांडा घावाला चिरतो. रंग किंवा पॉलिश फासलेला दांडा शक्यतो नकोच. रंगाखाली गाठ लपते आणि घामेजलेल्या हातातून तो सटकतो.

पातं बघताना धार डोळ्यासमोर धरून दांड्याच्या रेषेत आहे ना, ते पाहायचं. तिरकी असेल तर घावही तिरका जाणार. दांडा बसतो त्या भोकात चहूबाजूंनी फट नको आणि वरून पाचर घट्ट ठोकलेली हवी. धारेवरून कानस हलकेच फिरवायची. कानस नुसतीच घसरली तर पोलाद फार कडक, त्याचे टवके उडतील. खोल रुतली तर मऊ, त्याची धार टिकायची नाही. किंचित धरत धरत गेली तर पाणी बरोबर दिलंय असं समजायचं. माझी कुऱ्हाड ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेली आहे. ते पोलाद धारेला चांगलं.

चारशे रुपये सांगितले, तेवढे दिले. घासाघीस करायला जीभ रेटली नाही.

आता निगा. दांड्याला वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, जवसाचं तेल चोळते. ते लाकडात मुरून वाळतं. पातं सैल झालं की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. तेवढ्यापुरतं ते घट्ट बसतं, पण वाळल्यावर आणखी सैल होतं. त्यापेक्षा नवी पाचर ठोकून घ्यावी. धार कानशीनं आणि दगडानंच लावावी. मशीनवर लावून घेतली आणि धार तापून निळी पडली तर पोलादाचं पाणी उतरतं. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं पहार किंवा लोखंडी खिळे ठोकू नयेत, भोक फाकतं. काम झालं की धारेवर बागेच्या जुन्या पाइपचा चिरलेला तुकडा चढवायचा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुऱ्हाड ठेवायची.

वापरताना चपला नकोत, बंद बूट हवेत. पदर खोचलेला, आणि त्याहून बरा पंजाबी ड्रेस, ओढणीशिवाय. लाकूड जमिनीवर नाही, गुडघ्याएवढ्या ओंडक्यावर ठेवायचं. पाय फाकवून उभं राहायचं आणि घाव उतरताना गुडघे थोडे वाकवायचे, म्हणजे घाव चुकला तरी ओंडक्यात जातो, पायात नाही. आसपास कुणीही उभं नको. बॅटरी धरायलासुद्धा नको. सुरू करण्याआधी दर वेळी पातं हलवून बघायचं. हे मी कधीच चुकवत नाही.

आणखी एक. कुऱ्हाड हाताशी आली म्हणून उभं झाड तोडायला जाऊ नका. शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार त्यासाठी परवानगी लागते, मग झाड आपल्या अंगणातलं का असेना. विजेच्या तारेवर पडलेल्या फांदीला तर हातही लावू नका, वीज कंपनीला फोन करा.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ असं आपण म्हणतो. घरातल्यानंच घराचा घात केला की ही म्हण येते. त्या रात्री आमच्या घरातला तो सैल दांडा खरोखरच गोतास काळ होणार होता. म्हण जुनी असली तरी दांडा तपासायचं काम आजचं आहे.

यंदाही वळीव आला. गुलमोहराची फांदी पडली, पहिलीइतकी मोठी नाही. मुलांना ओट्यावर उभं केलं, पातं हलवून पाहिलं आणि फांदी अर्ध्या तासात मोकळी केली. दंड दोन दिवस दुखले, खोटं कशाला सांगू! सासूबाई खिडकीतून बघत होत्या. मी आत आले तशा म्हणाल्या, ‘तेल लावून ठेव गं दांड्याला.’ मुलगी विचारत होती, ‘आई, मला कधी देशील?’ मी तिचा हात काखेपर्यंत मापून पाहिला. अजून दोन वर्षं तरी आहेत.