घरच्या तुळईची गिटार

रावेतचें आमचें जुनें घर पाडण्याची वेळ आली, तेव्हां माळा तोलून धरणारी सागवानी तुळई तेवढी मीं मागून ठेवली. पवनेच्या कांठचें हें खेडें १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें, आणि पुढें येथें उंच इमारती इतक्या त्वरेनें उभ्या राहिल्या कीं जुन्या घरांचें लांकूड कोठें गेलें हें विचारण्यास कोणास सवड झाली नाहीं. माझें आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्यें गेलें आहे. लांकडापेक्षां लोखंडाशीं माझा परिचय अधिक. तरीही त्या तुळईच्या दोन विजेच्या गिटारी करावयाच्या, एक मुलीस व एक मुलास द्यावयाची, असें मीं ठरविलें. पैकीं एक पुरी झाली आहे. ती घडवितांना जें समजलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

वाद्य हा घरचा वारसा, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. मिरजेचे तंबोरे कोणास ठाऊक नाहींत? तेथील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार व पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकांत हत्यारांचें काम सरत आलें, तेव्हां त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे भोपळे आणून ते महिनेच्या महिने टांगून वाळवावयाचे, आणि मग त्यांवर लांकडी दांडी चढवावयाची, अशी ती विद्या आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु मला त्यांतील एक गोष्ट विशेष वाटते. तंबोऱ्याची घोडी तारेच्या घर्षणानें झिजते आणि जवारी बिघडते. कारागीर ती पुन्हां घासून देतो, आणि तंबोरा पुन्हां बोलूं लागतो. तो पिढ्यानुपिढ्या टिकतो, तो अभंग असतो म्हणून नव्हे, तर दुरुस्त होऊं शकतो म्हणून. गिटारीचा आराखडा काढतांना हें मीं समोर ठेवलें होतें.

आतां विजेच्या गिटारीचें अंतरंग पाहूं. तंबोऱ्यांत भोपळ्याची पोकळी नाद वाढविते. या गिटारीचें अंग बहुधा भरीव असतें. नाद वाढविण्याचें काम वीज करते. पोलादी तारांच्या खालीं लहान लोहचुंबक बसविलेले असतात, व त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. चुंबकाच्या सान्निध्यानें वरची तारही चुंबकीय होते. ती कंप पावली कीं वेढ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतें, आणि वेढ्यांत तितक्याच कंपनांची क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलाच हा नियम. ती वीज ध्वनिवर्धकांत गेली कीं आवाज होतो. नायलॉनची तार लावा, ही गिटार मुकी राहील.

मग तुळईच कशाला, असें कोणी विचारील. अंगाच्या लांकडानें या वाद्याचा स्वर किती पालटतो याविषयीं कारागिरांत वाद आहे. तो फार पालटत नसावा, मानेचा ताठपणा व तारांची बसण अधिक महत्त्वाची, असें माझें मत आहे. तुळई घेतली ती ती आमची होती म्हणून. याहून शास्त्रीय कारण मजपाशीं नाहीं.

सागवानाचे कांहीं स्वभाव मात्र आधीं जाणून घ्यावे लागतात. त्यांत वाळूसारखा सूक्ष्म अंश असतो, तो रंध्याची धार पाहतां पाहतां घालवितो. त्यांत तेलही असतें, म्हणून जोडावयाच्या कडा स्पिरिटनें पुसून लगेच सरस न लावल्यास सांधा पुढें सुटतो. आणि जुन्या तुळईंत खिळे असतात! वरून कांहींच दिसत नव्हतें. रंध्याचें पातें तुटलें तेव्हां पणजोबांच्या काळचा चौकोनी खिळा हातीं आला. तो मीं ठेवून दिला आहे.

पहिली चूक माझीच झाली. अंग तुळईचें केलें, पण मान नव्या विकतच्या लांकडाची केली, व तें पुरें वाळलें आहे कीं नाहीं हें पाहिलें नाहीं. सहा तारा मिळून मानेला सुमारें ४५ किलोच्या भारानें ओढीत असतात. त्यासाठीं मानेच्या आंत पोलादी सळई घालतात. ती आंवळली कीं मानेचा बांक सरळ होतो. परंतु लांकूड वाळतांना आडव्या अंगानें आकसतें, उभ्या अंगानें जवळजवळ नाहीं. त्यामुळें रेषा तिरक्या असल्या कीं तें पिळवटतें, आणि पीळ त्या सळईनें निघत नाहीं. आषाढांत घडविलेली मान मार्गशीर्षांत पिळली. मुलगी तेव्हां बारा वर्षांची होती. दोन दिवस तिनें गिटार आनंदानें वाजविली. तिसऱ्या दिवशीं तार पडद्यांवर खरखरूं लागली. "बाबा, माझ्या हातून बिघडली का?" असें तिनें विचारलें, तेव्हां मला फार लाज वाटली.

दुसरी मान तुळईंतूनच काढली. भेगा, गांठी व खिळे टाळून सरळ रेषांचा, सव्वादोन फूट लांबीचा, एकच तुकडा निघाला.

पडद्यांचें काम मला सर्वांत आवडलें, कारण तें टूलरूमचें काम आहे. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असतात, सरकवितां येतात. गिटारीचे पडदे मानेंत कायमचे ठोकलेले, म्हणून हिशोब चुकून चालत नाहीं. रीत अशी: तारेची मोकळी लांबी १७.८१७ नें भागावी, म्हणजे पहिल्या पडद्याचें अंतर येतें. उरलेली लांबी पुन्हां त्याच आंकड्यानें भागावी, म्हणजे दुसरें. माझी तार ६४८ मिलिमीटरची. पहिला पडदा ३६.३७ वर, त्यापुढें ३४.३३ वर दुसरा, आणि असें करीत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ वर, येतो. तेथें तार दाबली कीं वरचें सप्तक. बारावा मध्यावर आला नाहीं तर हिशोब पुन्हां करावा. करवत त्यानंतर हातीं घ्यावी.

घरगुती साहित्याची लाज बाळगूं नये, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 'क्वीन' या इंग्रज वाद्यवृंदाचा वादक ब्रायन मे यानें १९६३ सालीं आपल्या वडिलांच्या साहाय्यानें गिटार करावयास घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लांकडाची. त्यांतील किड्यांचीं भोंकें आगकाड्यांनीं बुजविलेलीं. मानेवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांच्या गुंड्यांच्या, आणि स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. हीच गिटार त्यानें पुढें जन्मभर रंगमंचावर वाजविली.

दुरुस्तीची सोय म्हणून मीं मान सरसानें चिकटविली नाहीं, चार स्क्रूंनीं बसविली. खुंट्या व घोडी कोठेंही मिळणाऱ्या मापाची घेतली. विजेच्या जोडणीचा नकाशा काढून मागच्या झांकणाच्या आंत चिकटविला. खांचेला आंतून तांब्याचा पत्रा लावून तो भुईतारेशीं जोडला. त्यामुळें घरांतल्या ५० आवर्तनांच्या विजेची घरघर पुष्कळ कमी झाली. बोटपट्टी शिसवीची आहे. शिसव जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधाखालीं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्यें तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली, नुसत्या लांकडाला नाहीं. मुलें उद्यां परदेशीं गेलीं तर पुरी गिटार नेणें सोपें, अर्धवट तुकडे नेणें अवघड.

राहिली मुलाची गिटार. तिच्या अंगापुरतें तुळईचें लांकूड आहे, मानेपुरतें नाहीं. "ताईची मान घरची आणि माझी बाजारची कां?" असें तो विचारतो, आणि त्याचें म्हणणें खोटें नाहीं. मीं त्याला वखारींत नेलें. फळी त्यानेंच निवडली, तिच्यावर खडूनें तारीखही त्यानेंच घातली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं तो ती माळ्यावरून उतरवितो, आम्ही तिचें वजन करतों आणि वहींत लिहितों. वजन उतरावयाचें थांबलें कीं लांकूड वाळलें असें समजावयाचें. गेल्या खेपेस ती चाळीस ग्रॅमनें उतरली होती. पटाशी अद्याप पेटींत आहे.