भाड्याच्या घरातील दिव्यांगांसाठी स्मार्ट उपकरणे : निवड कशी करावी?

दिवा लावणे, पंख्याची गती कमी करणे, दारावर कोण आले आहे ते पाहणे या गोष्टी धडधाकट माणसाच्या लेखी कामे नव्हेतच. परंतु चाकांच्या खुर्चीवरून बटणापर्यंत ज्याचा हात पोहोचत नाही, संधिवाताने ज्याची बोटे आखडली आहेत किंवा दारावरची घंटा ज्याला ऐकू येत नाही, त्याला दिवसातून अनेकदा दुसऱ्याला हाक मारावी लागते. हे परावलंबन कमी करणे हाच स्मार्ट उपकरणांचा खरा उपयोग होय.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानण्यात आले आहेत. नोकरी, शिक्षण वा उपचार यांसाठी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांपुढे प्रश्न दुहेरी असतो. उपकरण गरजेला उतरले पाहिजे आणि घर बदलताना ते काढून नेताही आले पाहिजे.

गरज आधी, उपकरण मागाहून

खरेदीपूर्वी त्या व्यक्तीच्या दिनक्रमातील अडचणींची यादी करावी. कोणत्या कामासाठी हाक मारावी लागते, ते काम दिवसातून किती वेळा येते व ते न झाल्यास धोका कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना अंधारात पडण्याची भीती असेल, तर हालचाल ओळखून लागणारा, बॅटरीवरील साधा दिवा पुरतो. त्याला इंटरनेट लागत नाही, वायरमनही लागत नाही. ऐकू न येणाऱ्यास दारावरची घंटा वाजताच दिवा लुकलुकविणारी व्यवस्था हवी. दृष्टिहीनास उजेडापेक्षा उपकरण चालू आहे की बंद, हे बोलून सांगणारी सोय अधिक मोलाची असते.

करार आणि भिंती

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. घरमालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास ते घर खाली करून मागण्याचे एक कारण ठरू शकते. स्मार्ट दिवा म्हणजे बांधकाम नव्हे. परंतु भिंतीला छिद्रे पाडणे, स्विचबोर्ड उघडणे किंवा दाराचे कुलूप बदलणे यांतून तंटे उद्भवतात. अशा कामांसाठी आधी लेखी परवानगी घ्यावी व घर सोडताना काय पूर्ववत करावयाचे, तेही त्यात नमूद करावे.

परवानगीवाचून वापरता येणारी उपकरणे पुष्कळ आहेत. होल्डरमध्ये बसणारा स्मार्ट बल्ब, सॉकेटमध्ये खोचावयाचा स्मार्ट प्लग, बटणावर चिकटवून ते दाबणारे छोटे यंत्र आणि दूरचित्रवाणी, वातानुकूलन यंत्र वगैरेंच्या रिमोटचे काम करणारे इन्फ्रारेड केंद्र ही त्यांपैकी काही होत. इन्फ्रारेड किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, त्यामुळे असे केंद्र त्याच खोलीत ठेवावे लागते. जुन्या रेग्युलेटरचा पंखा त्याने चालत नाही. इन्फ्रारेड रिमोटचा स्वतःचा पंखा भाडेकरूने बसविला, तर जाताना तो उतरवून नेता येतो व घरमालकाचा पंखा पुन्हा टांगता येतो.

भाषा एक, रस्ते अनेक

निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलत नाहीत, ही या क्षेत्रातील जुनी तक्रार आहे. प्रत्येकासाठी वेगळे अॅप उघडावे लागले, तर सोयीऐवजी नवा अडसर निर्माण होतो. या अडचणीवर उपाय म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे सामाईक मानक प्रसिद्ध झाले. अॅपल, गुगल, अॅमेझॉन व सॅमसंग या कंपन्यांच्या व्यवस्था ते मानतात. वेष्टनावर मॅटरचे चिन्ह असलेला प्लग पुढे फोन किंवा स्पीकर बदलला तरी निरुपयोगी ठरत नाही.

मॅटर ही भाषा आहे. वाय-फाय आणि थ्रेड हे ती वाहून नेणारे रस्ते आहेत. वाय-फायवरील उपकरणास घरातील राउटर पुरतो, मात्र अनेक उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात. थ्रेडच्या उपकरणास त्या जाळ्याचा राउटर अंतर्भूत असलेले केंद्र लागते. झिगबी या जुन्या पद्धतीच्या उपकरणांनाही स्वतंत्र केंद्र लागते. मॅटरचे चिन्ह असले तरी प्रत्येक व्यवस्थेत प्रत्येक प्रकारचे उपकरण चालेलच असे नाही. म्हणून उपकरणाचा प्रकार व आपली व्यवस्था यांचा मेळ दुकानातच विचारून घ्यावा.

वीज आणि होल्डर

परदेशातील नातेवाइकांनी पाठविलेली उपकरणे वापरताना विशेष दक्षता हवी. भारतातील वीज २३० व्होल्टची, तर अमेरिकेतील १२० व्होल्टची आहे. झेड-वेव्ह पद्धतीच्या उपकरणांची रेडिओ वारंवारताही देशपरत्वे बदलते. बल्ब घेताना घरातील होल्डर पिनचा आहे की आट्यांचा, हे पाहावे. ६ अँपिअरच्या प्लगवर सुमारे १,३८० वॅटपेक्षा अधिक भार टाकता येत नाही. २,००० वॅटच्या गीझरला १६ अँपिअरचाच प्लग हवा.

आवाजाची आज्ञा

हात न चालणाऱ्यास आवाजाची आज्ञा वरदान ठरते, परंतु ती सर्वांना उपयोगी नाही. पक्षाघाताने ज्याचे उच्चार अस्पष्ट झाले आहेत, त्याच्यासाठी मोठे बिनतारी बटण अधिक विश्वासू असते. भाषेचीही खात्री करावी. फोनवर मराठी समजणारी व्यवस्था स्पीकरवर मराठी समजेलच असे नाही. जो वापरणार त्याच्याच तोंडून आज्ञा देऊन पाहावी आणि मगच खरेदी करावी.

स्मार्ट बल्बच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार विसरली जाते. घरातील कोणी भिंतीवरील बटण बंद केले, की बल्बला वीज मिळत नाही आणि कितीही आज्ञा दिली तरी तो लागत नाही. यासाठी ते बटण चालूच ठेवावे व त्याच्याशेजारी बिनतारी बटण चिकटवावे.

वीज गेली तर?

वीजपुरवठा खंडित झाला की राउटर बंद पडतो. त्याला छोट्या बॅटरीचा आधार द्यावा. इंटरनेट गेल्यास आवाजाच्या आज्ञा बहुधा थांबतात. मॅटरची उपकरणे मात्र घरातील जाळ्यावरून चालू राहू शकतात. वीज परतल्यावर दिवा आपोआप लागावा की नाही, हे अॅपमध्ये ठरविता येते. दार आणि मदतीची हाक या दोन बाबी कधीही केवळ इंटरनेटवर सोपवू नयेत. कुलूप आतून हाताने उघडलेच पाहिजे.

घर सोडताना

घर सोडण्यापूर्वी मागे राहणारे प्रत्येक उपकरण मूळ स्थितीत आणावे आणि खात्यातून काढून टाकावे. अन्यथा नव्या रहिवाशाच्या घरातील दिवे जुन्या भाडेकरूच्या फोनवरून चालत राहतील. त्याचप्रमाणे नव्या घरात शिरताना आधीची उपकरणे कोणाच्या खात्याशी जोडलेली आहेत, याची चौकशी करावी. उपकरणांवरील जोडणीचे आकडे वहीत उतरवून ठेवल्यास नव्या जागी जोडणी सोपी जाते.

गावपातळीवरील साहाय्य

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. नियमांच्या चौकटीत अशा साधनांचा विचार करताना पंचायत सदस्यांनी एकाच प्रकारचे उपकरण सर्वांना वाटण्यापेक्षा प्रत्येकाची गरज विचारावी. शिक्षकांनी जोडणी व वापर शिकविण्यात हात दिल्यास उपकरण कपाटात पडून राहणार नाही. अशा मदतीने एखाद्याला रात्री कोणालाही न उठविता पंखा लावता आला, तर त्या निधीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.