आईची तेलकट वही

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि वाटी-चमच्याचे माप घरोघर पोचले. आमच्या आईनेही ते घेतले. पण तिचा खरा जीव स्वतःच्या तेलकट वहीत. माहेर धारवाडचे, सासर बेळगावचे. त्यामुळे वहीत कारळ्याची चटणी ‘गुरेळ्ळू’ या नावाने, जवसाची ‘अगसी’ म्हणून, आणि भरल्या वांग्यांना दोन पाने : एक ‘एण्णेगायी’, दुसरे ‘आपली वांगी’. यातले ‘आपले’ म्हणजे माहेरचे की सासरचे, हे तिने आजवर सांगितलेले नाही!

मापे मात्र सगळी ‘अंदाजाने’. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर आईला चव कळेनाशी झाली. अंदाज देणारी जीभच गेली, तेव्हा मी वही पुरी करायला बसलो. ती मुठीने दाण्याचे कूट टाकते, मी ते परत काढून वाटीने मोजतो. मग ती वैतागते, ‘साकु रे! किती मोजशील?’

परवा कारळे भाजत होतो. जास्त भाजले की कडू होतात. आई माजघरातूनच ओरडली, ‘उतरव आता!’

नुसत्या तडतडीवरून. हे वाटी-चमच्यात कसे लिहायचे? त्या पानावर मी तूर्त एवढेच लिहिले आहे : ‘आईला विचारणे.’