विश्लेषण : पेशीतले बटण अडकले, की रक्ताचा कर्करोग कसा होतो?

इमॅटिनिब, जेफिटिनिब, एर्लोटिनिब... कर्करोगाच्या औषधांच्या चिठ्ठीवर 'टिनिब'ने संपणारे नाव दिसले, तर त्या गोळीचे मूळ सत्तर वर्षांपूर्वीच्या सिअॅटलमध्ये आहे. तिथे संशोधन चालले होते सशाच्या स्नायूंवर. कर्करोगाचा विषयही नव्हता.

वॉशिंग्टन विद्यापीठातील जैवरसायनशास्त्राचे प्राध्यापक एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज (पाठ्यपुस्तकातल्या 'क्रेब्ज चक्रा'चे हान्स क्रेब्ज ते वेगळे) यांना एक कोडे पडले होते. स्नायूंमधले फॉस्फोरिलेज हे एन्झाइम कधी सुस्त, तर कधी सक्रिय का असते? जुन्या पद्धतीत स्नायूंचा अर्क गाळण कागदातून गाळत. या दोघांनी त्याऐवजी सेंट्रिफ्यूज वापरले आणि एन्झाइम सुस्तच मिळाले. कागदातले किंचितसे कॅल्शियम क्रिया सुरू करून देत होते! त्याचा माग काढताना उलगडा झाला : एटीपीमधला फॉस्फेट एन्झाइमला चिकटला की ते चालू, निघाला की बंद. हे १९५५ च्या सुमाराचे. नोबेल मिळाले १९९२ मध्ये.

फॉस्फेट चिकटवणाऱ्या प्रथिनांना 'कायनेज' म्हणतात. माणसात ती ५०० हून अधिक आहेत. 'वाढ', 'थांब' असे निरोप पेशीत तीच पुढे सरकवतात.

बटण अडकते म्हणजे काय?

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात. त्यातून 'बीसीआर-एबीएल' हे कायनेज तयार होते आणि ते बंदच होत नाही. इंजिनीअरिंगवाल्यांना कॉन्टॅक्ट चिकटलेला रिले आठवेल : स्विच बंद केला तरी मोटर फिरतेच. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. इमॅटिनिब या कायनेजमधल्या एटीपीच्या खाचेतच जाऊन बसते. अमेरिकेत त्याला मे २००१ मध्ये मंजुरी मिळाली.

भारतात प्रश्न किमतीचा होता. नोव्हार्टिसच्या 'ग्लिवेक'चा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर जेनेरिकचा ८ ते १० हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

गोळी रोज का घ्यावी लागते?

कारण ती बिघडलेले गुणसूत्र दुरुस्त करत नाही, फक्त बटण दाबून धरते. बरे वाटले म्हणून परस्पर गोळी सोडली, तर आजार पुन्हा डोके वर काढू शकतो. काहींमध्ये तर त्या खाचेचा आकारच बदलतो आणि इमॅटिनिब तिथे बसेनासे होते. मग चाचणी करून डॉक्टर दासॅटिनिबसारख्या पुढच्या पिढीच्या औषधाकडे वळतात.