काठी आणि कॅमेरा

जुलै २०२० मध्ये पुण्याच्या रस्त्यावर पंचाऐंशी वर्षांच्या शांताबाई पवार काठ्या फिरवीत होत्या, त्या हौसेखातर नव्हे. टाळेबंदीने कमाई थांबली होती आणि घरात पोरक्या नातवंडांचा सांभाळ होता. कुणीतरी ते दृश्य टिपले; काही दिवसांतच ‘वॉरिअर आजी’ दूरचित्रवाणीवर झळकल्या. गृहमंत्री अनिल देशमुख यांनी लाख रुपये व साडी दिली. कौतुक झाले ते मुख्यतः वयाचे, कसबाचे थोडे. वास्तविक आठव्या वर्षापासून हा डोंबाऱ्याचा खेळ त्या करीत आल्या होत्या, आणि त्यापुढे चार नाणी टाकून निघून जाणारे प्रेक्षक आपल्यातलेच होते. ऑगस्टमध्ये अभिनेता सोनू सूद यांच्या साहाय्याने पुण्यात त्यांचा वर्ग सुरू झाला. तेथे मुली काठी शिकू लागल्या.